पहिलं एमी बाहुलीवालीला कसं काय मिळालं?

रंकाळ्याची पोरगी:
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची, मास कॉमला आहे आणि पुढच्या आठवड्यात वर्गात पहिल्या एमी अवॉर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या बक्षिसांवर, बोलायचंय. वाचलं त्यात असं आहे की २५ जानेवारी १९४९ ला हॉलीवूड अ‍ॅथलेटिक क्लबात कार्यक्रम झाला, तिकीट ५ डॉलर, बक्षिसं सगळी मिळून ६. पण सगळ्यात गाजलेला कलाकार म्हणून बक्षीस कुणा हिरोला नाही, शर्ली डिन्सडेल नावाच्या बोलक्या बाहुलीवालीला! आणि न्यूयॉर्कचं कुणीच का नाही त्यात? आजीला विचारलं तर म्हणाली आमचा टीव्ही म्हणजे चिमणराव, बाकीचं तू बघ.

अँटेनावाले काका:
बाळ, मी ३० वर्षं टीव्ही दुरुस्त केले मंगळवार पेठेत, न्यूयॉर्कचं मी सांगतो. टीव्हीचा सिग्नल सरळ रेषेत जातो, डोंगर आडवा आला की संपलं. आपल्याकडं एकानं माडीवर चढून अँटेना फिरवायची आणि खालनं दुसरा ओरडणार, आली आली... गेली, मुंग्या आल्या! तिकडं पण तेच, हॉलीवूड म्हणजे लॉस एंजेलिसच, आणि लॉस एंजेलिसचं स्टेशन लॉस एंजेलिसलाच दिसायचं, दोन्ही किनारे जोडणारी लाईन झाली १९५१ ला, मग १९४९ ला न्यूयॉर्कचं बघितलंच कुणी बक्षीस द्यायला? हा सोहळा पण तिथल्या एका लोकल स्टेशनवरच दाखवला, देशभर लाईव्ह गेला तो १९५५ ला. आणि एमी हे नाव आमच्या धंद्यातलं आहे बरं का, कॅमेऱ्यात इमेज ऑर्थिकॉन नावाची ट्यूब असायची, तिला लाडानं इमी म्हणायचे, बक्षिसाची मूर्ती बाईची म्हणून इमीची एमी झाली. हे वर्गात सांगच.

शाहूपुरी_८४:
काका लय भारी. ताई, बाहुलीचं मी सांगतो. आपल्याकडं रामदास पाध्ये आणि अर्धवटराव कुणाला माहीत नाहीत? तसंच तिची ज्युडी स्प्लिंटर्स. शर्ली लहानपणी भाजली होती, त्यातनं बरी होताना वडिलांनी तिला बाहुली करून दिली, तिथनं बाहुलीला बोलतं करणं शिकली आणि बाविशीत एमी. मला तर यात नवल वाटत नाही, पडदा एवढासा, त्यात गर्दी मावत नाही, पण एक मुलगी आणि मांडीवरची बाहुली गप्पा मारतायत हे घरातल्या शेवटच्या माणसाला पण दिसतं. सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रमाचं बक्षीस पण पँटोमाइम क्विझला, म्हणजे आपलं दमशेराज!

नाटकवेडी:
थोडं वेगळं मत. पडदा लहान हे खरं, पण सिनेमाचे मोठे स्टुडिओ आपले स्टार टीव्हीकडं फिरकूच देत नव्हते, थेटरची गर्दी जाईल म्हणून. मग रेडिओवाले, बाहुलीवाले, हेच पुढं आले, आणि त्यांनी जागा कमावली म्हणूनच १९५३ ला ल्युसिल बॉल या विनोदी नटीला एमी मिळालं तेव्हा टीव्हीचा स्वतःचा स्टार तयार होता. आणि शर्लीचं पुढचं पण सांग ग, टीव्ही सोडून ती शिकली आणि दवाखान्यात श्वासाच्या पेशंटांवर उपचार करायची. मला तिचं हेच जास्त आवडतं.

रंकाळ्याची पोरगी:
बाई ग, हे मला कुठंच सापडलं नव्हतं! आता सुरुवात ज्युडीनंच करते. काका, जुनी अँटेना आहे का अजून तुमच्याकडं, दोन दिवस द्याल का, वर्गात दाखवायला?

अँटेनावाले काका:
माळ्यावर आहे, दोन दांड्या तुटल्यात. रविवारी सकाळी ये, उतरवून ठेवतो.