लग्नाचे दागिने: रोख मोजायची की कार्ड घासायचं?

(पाच जणांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

जमाखर्च

तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी सराफाकडे खेपा सुरू होतात आणि तोच प्रश्न पुन्हा येतो: पैसे द्यायचे कसे? अजूनही कितीतरी घरांत "सोनं रोखीतच घ्यावं" असं ठामपणे सांगितलं जातं. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. मोठ्या खरेदीत रोखीने काही वाचत नाही, उलट विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ती अडचणीत आणते.

उदाहरणासाठी मंगळसूत्र आणि दोन पाटल्या मिळून 5 लाखांचं बिल धरू. 1 एप्रिल 2017 पासून कुणालाही 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत स्वीकारता येत नाही. 1961 च्या आयकर कायद्यात हे कलम 269एसटी म्हणून आलं. पूर्ण 2 लाखही चालत नाहीत, त्याच्या आतच राहावं लागतं. ही मर्यादा तीन बाजूंनी मोजतात: एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारापोटी, आणि एका माणसाकडून एकाच प्रसंगाशी निगडित सगळ्या व्यवहारांपोटी.

लोक नेमके इथेच फसतात. "आज दीड लाख, परवा दीड, पुढच्या आठवड्यात दोन" असं केलं तर दिवसाची मर्यादा पाळली जाते, पण बिल एकच असल्यामुळे व्यवहाराची मोडते. बिलं तीन केली तरी ती एकाच लग्नाची आहेत, हा तिसरा निकष उरतोच. दंड रोख स्वीकारणाऱ्या सराफावर बसतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असतो. 5 लाख रोख घेतले तर दंडही 5 लाख. त्यामुळे जो सराफ "चालेल, द्या रोख" म्हणतो, तो एकतर बिल करणार नाही किंवा बिल भलत्याच नावांवर फोडणार.

सराफाकडच्या मासिक योजनेतही हेच होतं. महिन्याला 20,000 रोख भरले की 11 हप्त्यांचे 2,20,000 होतात, आणि शेवटी ते एकाच दागिन्यात वळते होतात. पहिल्या महिन्यापासूनच हप्ता खात्यातून द्या. बेअरर चेकही इथे उपयोगाचा नाही, चेक अकाउंट पेयी हवा.

कसोटी

कायद्याचं बरोबर सांगितलंत, पण तुमचं "रोखीने काही वाचत नाही" मान्य नाही. तुम्ही रोख आणि बिनबिलाचा व्यवहार एकाच तागडीत घातलेत. दीड लाख रोख देऊन पक्कं बिल घेणारा माणूस शंभर टक्के कायदेशीर आहे. 5 लाखांच्या बिलातही 1,90,000 रोख आणि उरलेले 3,10,000 खात्यातून, असं करता येतं. बिलावर दोन्ही रकमा वेगळ्या लिहिल्या की झालं.

आता पेढीच्या बाजूने पाहा. सोन्याच्या भावात नफा फारच थोडा, जे काही सुटतं ते घडणावळीत. 5 लाख क्रेडिट कार्डावर घेतले आणि बँकेचं कमिशन 2 टक्के असलं, तर 10,000 रुपये गेले. त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा, त्याची वजावट पेढीला नंतर जीएसटीत मिळते इतकंच. हे दहा हजार कुणीतरी सोसतोच. गिऱ्हाइकाने घडणावळ कमी करा म्हटलं की रोखीला जे सोडता येतं ते कार्डाला सोडता येत नाही.

दुसरी गोष्ट, क्रेडिट कार्डाचा व्यवहार गिऱ्हाईक नंतर वादात टाकू शकतो. दागिना घरी गेलेला असतो, पैसे बँक अडवून धरते, आणि कागद दाखवत बसायचं ते पेढीने. रोखीत हिशेब तिथल्या तिथे मिटतो. भाव त्या मिनिटाला पक्का होतो, कुठला सर्व्हर बसला म्हणून दागिना काउंटरवर अडकत नाही.

पाचवारी

कसोटी, क्रेडिट कार्डाचं गणित बरोबर. पण दुकानात पाटी "कार्डावर 2 टक्के जादा" अशी असते आणि ती डेबिट कार्डालाही लावतात. तिथे गिऱ्हाईक सरळ नागवलं जातं.

डेबिट कार्डावरच्या कमिशनला रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2018 पासून वरची हद्द घातली आहे. वर्षाला 20 लाखांवर उलाढाल असलेल्या दुकानाला मशीनवर जास्तीत जास्त 0.90 टक्के, आणि एका व्यवहाराला कमाल 1,000 रुपये. म्हणजे 3 लाखांचं कार्ड घासलं तर दुकानाचा खर्च हजार रुपये, वर जीएसटी. 2 टक्क्यांनी मागितले जातात 6,000. रुपे डेबिट कार्डावर तर 1 जानेवारी 2020 पासून कमिशनच नाही. शिवाय डेबिट कार्डाचं कमिशन गिऱ्हाइकावर टाकायचंच नाही, असं ही हद्द घालणाऱ्या 2017 च्या परिपत्रकातच आहे. पाटी दिसली की कार्ड कुठलं आहे ते दाखवून हे स्पष्ट बोला, गप्प बसू नका.

आणि "रोखीला सोडता येतं" ते नेमकं काय? बहुतेक वेळा तो 3 टक्के जीएसटीच असतो. 5 लाखांवर 15,000 वाचल्यासारखे वाटतात, हातात कच्ची पावती येते. पण पक्क्या बिलाशिवाय पुढे मोड करायला गेलं की दुसरा सराफ मनाला येईल तशी घट धरतो. दागिना विकला तर खरेदीची किंमत सिद्ध करायला कागद नाही. चोरी झाली तर विमा कंपनी पहिल्यांदा बिल मागते.

बिलावर वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, खड्यांचं वजन वेगळं आणि प्रत्येक नगाचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) एवढं हवंच. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये दुकानात उभ्या उभ्याच टाकून बघा. हॉलमार्किंगचं शुल्क नगाला 45 रुपये आणि जीएसटी, त्याच्या नावाखाली पाचशे लावले असतील तर तेही विचारा.

लासलगावकर

सगळं शहराच्या चष्म्यातून चाललंय. कांद्याचे पैसे हातात आले की घरातली मोठी खरेदी होते, लग्न त्याच पैशांवर निघतं. ती रोकड काळी नाही. शेतकऱ्याने आपला माल 2 लाखांच्या आत रोखीत विकला तर त्याला ना पॅन लागतो ना 269एसटी आड येतं, आणि व्यापाऱ्याचाही तो खर्च आयकरात नाकारला जात नाही. प्रत्यक्ष कर मंडळानेच नोव्हेंबर 2017 मध्ये हा खुलासा केला आहे. मग तीच रोकड सराफाच्या गल्ल्यावर गेली की संशय कशाला?

शिवाय गावाकडची बरीच बचत पतसंस्थेत असते. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. सगळ्याच पतसंस्थांच्या खात्याला आरटीजीएस (मोठी रक्कम थेट दुसऱ्या खात्यात पाठवायची सोय), यूपीआय, चालणारं कार्ड असतंच असं नाही. "खात्यातून पाठवा" म्हणणं सोपं आहे. ज्याच्या खात्याला वाटच नाही त्याने काय करायचं? त्यात पंचवीस किलोमीटरवर शाखा आणि दर दोन दिवसांनी लाइन बंद. नोट लाइट गेली तरी चालते.

जमाखर्च

लासलगावकर, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. बाजार समितीची हिशेबपट्टी जपून ठेवली की त्या रोकडीला आई-बाप आहेत. सराफाकडे 2 लाखांच्या आत देत असाल तर पट्टीची एक प्रत सोबत असू द्या, उद्या कुणी विचारलंच तर उत्तर खिशात.

पतसंस्थेचं मात्र उलटं आहे. 20,000 किंवा त्याहून जास्त रकमेची ठेव पतसंस्थेने रोखीत परत करायचीच नाही, ती अकाउंट पेयी चेकने किंवा बँक खात्यात वर्ग करून द्यायची. दंड ठेवीच्या रकमेइतका, आणि तो संस्थेवर. म्हणजे मुदत ठेव मोडून पाच लाख रोख घेऊन निघणं मुळातच बसत नाही. पैसे आधी बँकेच्या खात्यात येणारच आहेत, मग पुन्हा काढून पिशवीत भरायचे कशाला? आणि 5 लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकेतल्या ठेवीला आहे, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. लग्नाचे पैसे वर्षभर आधी बँकेत आणून ठेवायला एवढं कारण पुरे.

काउंटर नं. 3

दोन्ही बाजूंना प्रत्यक्षात कुठे अडतं ते सांगतो.

आधी रोख. पाचशेच्या शंभर नोटांची गड्डी 50,000 ची, दोन लाखांना चार गड्ड्या. गड्डीवरच्या पट्टीवर विसंबू नका. हाताने मोजताना एखादी नोट मधोमध दुमडलेली असली की एका कडेने ती दोनदा मोजली जाते. म्हणून गड्डी उलटी करून दुसऱ्या कडेने पुन्हा मोजायची. पाचशेची नोट तिरकी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा दिसतो. दोन्ही कडांना उठावाच्या पाच तिरक्या रेषा बोटाला लागतात, आणि क्रमांकातले अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. तिन्ही बघायला एका नोटेला पाच सेकंद लागतात, चारशे नोटांना अर्धा तास. दुकानात गर्दीच्या वेळी एवढा वेळ कुणी देत नाही, तिथेच घोळ होतो. बँकेत खोटी नोट निघाली तर ती जप्त होते, पावती मिळते, पैसे मिळत नाहीत. एका भरण्यात पाच किंवा जास्त निघाल्या तर बँकेला पोलिसांत तक्रार द्यावीच लागते.

आता कार्ड. दुकानात पोहोचल्यावर "व्यवहार नाकारला" येण्याचं कारण बरेचदा शिल्लक नसणं हे नसतंच, रोजची मर्यादा हे असतं. ऑक्टोबर 2020 पासून कार्डाची मर्यादा ॲपमधून स्वतःला बदलता येते. एटीएमची वेगळी, मशीनवरची वेगळी, ऑनलाइनची वेगळी. लोक एटीएमची वाढवतात आणि दुकानात अडकतात. आदल्या रात्री मशीनवरची मर्यादा वाढवा, खरेदी झाली की पुन्हा खाली आणा. बँकेची स्वतःची कमाल हद्द असते, साध्या कार्डाला ती लाखाच्या आतही असू शकते.

पैसे खात्यातून गेले आणि मशीनवर पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा घासू नका. असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यानंतर दर दिवसाला 100 रुपये भरपाई. पण ते पाच दिवस तीन लाख अडकलेले असतात आणि सोन्याचा भाव थांबत नाही. या बाबतीत कसोटींचं म्हणणं खोटं नाही.

क्रेडिट कार्डाचं एकच सांगतो. बिल पूर्ण भरण्याची तयारी नसेल तर सोन्यासाठी ते खिशातून काढूच नका. 3 लाख थकले आणि दर महिन्याला 3.5 टक्के असला, तर एका महिन्याचं व्याज 10,500 आणि त्यावर जीएसटी 1,890. व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, बिनव्याजी दिवस विसरायचे. दागिन्यांचं बिल हप्त्यांत करून देणाऱ्या बँकाही विरळाच, त्यामुळे ती आशा धरून दुकानात जाऊ नये.

2 लाखांपासून पुढे माझ्या मते आरटीजीएस. किमान रक्कमच 2 लाख आहे, आणि 14 डिसेंबर 2020 पासून ते चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. सराफाचं खातं दोन दिवस आधी जोडा, कारण नव्या खात्याला पहिल्या दिवशी बऱ्याच बँका थोडीच रक्कम पाठवू देतात. जोडताना खातेदाराचं नाव पडद्यावर येतं. ते बिलावरच्या पेढीच्या नावाशी जुळलं पाहिजे. "साहेबांच्या खात्यावर पाठवा" म्हणून विक्रेत्याचा मोबाइल नंबर पुढे आला तर तिथेच थांबा. आधी एनईएफटीने एक रुपया पाठवून पोहोचल्याची खात्री करा. मुख्य रक्कम गेली की 22 अक्षरांचा यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) बिलावर लिहून घ्या.

कसोटी

आरटीजीएसला माझा विरोध नाहीच, पेढीला त्यात कमिशन पडत नाही. मग सूट तिथेही मागा, हक्काने मागा. रोखीला घडणावळीत जे सुटतं तेवढंच आरटीजीएसलाही सुटायला हवं. सराफ नाही म्हणाला, तर त्याची रोखीची "सूट" कुठून येत होती ते कळलं. पण दोन लाखांच्या आत, पक्क्या बिलासह रोख, हे माझं मत मी सोडत नाही. म्हाताऱ्या माणसाला ॲपमध्ये मर्यादा वाढवायला लावणं हा उपाय नव्हे.

पाचवारी

एक शंका. नवरीच्या बाजूने आई दीड लाख आणि मामा दीड लाख, असे वेगवेगळे रोख देतात. दोघांची बिलं वेगळी, दागिने वेगळे. हे 269एसटीत अडकतं का?

जमाखर्च

मर्यादा "एका माणसाकडून" अशी आहे. मामाने स्वतःच्या पैशांतून स्वतःच्या नावाचं बिल करून भाचीला बांगडी घेतली, तर तो त्याचा व्यवहार. पण आईचेच तीन लाख दोन नावांवर फोडले, तर बिलं कितीही वेगळी असोत, पैसा एकाच माणसाचा. आणि त्यात धोका मामालाही आहे: कागदोपत्री दीड लाखांचा दागिना त्याचा, तो पैसा कुठून आला हे विचारलं तर उत्तर त्यालाच द्यायचं आहे.

लासलगावकर

ठीक. पट्टीची प्रत, 1,90,000 रोख, बाकीचे आरटीजीएस, आणि बिलावर दोन्ही रकमा वेगळ्या. एवढं मला पटलं. पण शाखेत एकदम मोठी रोकड काढायची तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, नाहीतर "कॅश संपली" ऐकून परत यावं लागतं, हेही कुणीतरी लिहायला हवं होतं. लग्नसराईत तर दोन दिवस आधी सांगा, आणि गड्ड्या पाचशेच्याच मागा. शंभरच्या दिल्या तर 1,90,000 च्या एकोणीस गड्ड्या होतात, मोजता मोजता संध्याकाळ होईल.