नडगीचे दुखणे आणि धावण्याचा सराव (सोसायटीतील रहिवाशांचा संवाद, नावांऐवजी घर क्रमांक)

ए-३०४ : नमस्कार. पहाटे ठाण्यातील उपवन तलावाभोवती धावणाऱ्या माझ्या मुलीची उजवी नडगी पंधरवड्यापासून दुखत आहे. पावसाळ्यातील मॅरेथॉनसाठी तिने अंतर झपाट्याने वाढवले, त्यात येऊरच्या डोंगराचा चढही सुरू केला. वेदनाशामक स्प्रे मारून सराव चालू ठेवला तर चालेल का?

बी-७०२ (फिजिओथेरपिस्ट) : ताई, कृपया तिला तसे धावू देऊ नका. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत खाली नेल्यावर पाच सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, तर बहुधा ते शिन स्प्लिंट्स, म्हणजे अतिताणाने नडगीच्या हाडाच्या कडेला होणारे दुखणे, असते आणि धावणे कमी केल्यावर ते बरे होते. मात्र एकाच ठिकाणी बोटाच्या पेराएवढ्या जागेत कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, असल्याचा संशय धरावा लागतो.

ए-३०४ : एकाच जागी दुखते. पण कालचा एक्स-रे अगदी व्यवस्थित आला आहे.

बी-७०२ : एवढ्यावर निर्धास्त राहू नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही, एमआरआयमध्ये मात्र तो लवकर कळतो. अस्थिरोगतज्ज्ञांना भेटेपर्यंत धावणे पूर्ण बंद ठेवा. चालतानाही दुखत असेल तर कुबडी घ्या. नडगीच्या आतल्या कडेचा तडा साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरून येतो, पुढच्या कडेचा मात्र सहजासहजी भरत नाही आणि क्वचित शस्त्रक्रियाही करावी लागते. तिची मासिक पाळी अनियमित असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. धावण्याच्या मानाने आहार अपुरा पडला की पाळी बिघडते आणि हाडेही कमकुवत होतात, पण संकोचामुळे ही चौकशी नेहमी राहून जाते, याचे मला फार वाईट वाटते.

सी-१०१ : माझ्या टाचेमागची शीर सकाळी उठल्यावर आखडलेली असते, थोडे चालले की मोकळी होते. तेही असेच आहे का?

बी-७०२ : नाही काका, ती टाचेमागच्या स्नायुबंधाची, अकिलीस टेंडनची, तक्रार वाटते. तिला निव्वळ विश्रांतीपेक्षा पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम अधिक उपयोगी पडतो. तो सुमारे बारा आठवडे नेटाने करावा लागतो. पहिल्यांदा माझ्यासमोर करून पाहा. पोटरी एकाएकी सुजली व गरम लागली, तर मात्र ती रक्तवाहिनीतील रक्ताची गुठळी असू शकते, म्हणून चोळत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.