मदत हवी आहे: मोन्तेवेर्दीची प्रेमगीतं समजून घ्यायची आहेत

नमस्कार मंडळी. सध्या सतराव्या शतकातल्या क्लाउदियो मोन्तेवेर्दी या इटालियन संगीतकाराच्या गाण्यांनी मला झपाटलंय. १६३८ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या त्याच्या मॅड्रिगलांच्या (अनेक आवाजांत गायच्या इटालियन गीतांच्या) आठव्या पुस्तकात एका वनकन्येचा विलाप आहे. प्रियकर सोडून गेलाय. तिचं रडणं चालू असेपर्यंत खाली खर्जात तेच चार उतरते स्वर फिरत राहतात, आणि तीन पुरुष आवाज मधूनमधून तिच्यासाठी हळहळतात. हे तिने हाताच्या तालावर नव्हे, मनाच्या लयीत गावं, अशी खुद्द मोन्तेवेर्दीची सूचना आहे! ऐकताना गळा दाटून येतो.

त्याचंच १६३२ चं 'झेफिरो तोर्ना' वसंताच्या आनंदात नाचत सुरू होतं. शेवटाकडे लय अचानक थबकते, कारण रानात प्रेमी एकटाच आहे.

दोन्हींचं काव्य ओत्ताव्यो रिनुच्चीनीचं. मला इटालियन येत नाही. कुणी ओळीओळीने अर्थ सांगू शकेल का? जुन्या वाद्यांच्या साथीचं कोणतं ध्वनिमुद्रण आधी ऐकावं? आणि व्हेनिसच्याच संगीतकार बार्बरा स्त्रोझ्झीची गाणी ऐकलेलं कुणी असेल, तर सुरुवात कुठून करू तेही सांगा.