मदत हवी आहे: पीएफचे ३१ लाख, हिला सोनं हवंय, पोरगा बिटकॉइन म्हणायलाय

मंडळी, नमस्कार. वाळूजच्या एका कारखान्यात २९ वर्षं नोकरी केली, मागच्या महिन्यात ५८ पूर्ण होऊन निवृत्त झालो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ३१ लाख आलेत. पेन्शन महिन्याला ३,२०० रुपये. गंगाखेडजवळ गावाकडं तीन एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन साधलं तर साधलं. पुढचं सगळं या ३१ लाखांवरच काढायचंय.

आधीच एकदा पोळलोय. १२ टक्के व्याजाच्या आशेनं एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ४ लाख ठेवले होते. एके दिवशी गेलो तर शटर खाली, आणि पायरीवर पासबुकं घेऊन बसलेली माणसं. पैसे अजून अडकलेलेच आहेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो, हे मला फार उशिरा कळलं. आता सगळं एका जागी ठेवायचं नाही, एवढं पक्कं.

हिचं म्हणणं, ५ लाखांचं सोनं घ्या. २०१६ च्या दुष्काळात आईच्या दवाखान्यासाठी हिची बोरमाळ मोडली होती. सोनारानं मणी फोडून आतली लाख काढली आणि उरलेला पत्रा काट्यावर ठेवला, तेव्हा वजन आम्ही धरलं होतं त्याच्या निम्म्यावर आलं. हिनं तोंड फिरवलं. तरी तासाभरात रोख हातात पडली, हे ती विसरलेली नाही. मीही नाही.

पोरगा पुण्यात आहे. तो म्हणतो, ३ लाख बिटकॉइनमध्ये टाका, जगात एकूण २ कोटी १० लाखच निघणार आहेत, सोन्यासारखंच समजा. त्याची तळमळ खोटी नाही. पण भावापेक्षा मला दुसरीच काळजी आहे. उद्या मी गेलो तर हिला ते पैसे काढता येतील का? बँकेत वारसाचं नाव लावता येतं, इथं काय?

सोनं कुठल्या रूपात आणि किती घ्यावं? क्रिप्टो घ्यावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

काका, सोनं आणि क्रिप्टो नंतर, आधी घरखर्चाचं बघा. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज ८.२ टक्के. २० लाख ठेवले तर दर तिमाहीला ४१,००० येतील. तुम्ही साठीच्या आत आहात, त्यामुळे निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आतच खातं उघडावं लागेल. ही मुदत चुकवू नका.

काकूंचं बरोबर आहे, फक्त गुंतवणूक म्हणून दागिना घेऊ नका. घडणावळ जाते. हॉलमार्क असलेलं नाणं घ्या, नाहीतर मुलाकडून डीमॅट खातं उघडून गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारातून कागदोपत्री घेतलेलं सोनं. सरकारी सुवर्णरोखे फेब्रुवारी २०२४ नंतर नव्यानं निघालेले नाहीत. आणि सोनंही पडतं बरं का, २०१२ साली तोळा ३१ हजारांच्या आसपास होता, २०१५ मध्ये २६ हजारांवर आला होता.

क्रिप्टोचं मात्र मी स्पष्ट बोलतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरजवळ होतं, वर्षभरात १६ हजारांच्या खाली गेलं. तुमचं बाकी उत्पन्न करपात्र नसलं तरी त्यातल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, आणि तोटा झाला तर तो कशातूनच वजा होत नाही. स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात ठेवलं आणि त्याची किल्ली, म्हणजे गुप्त संकेत हरवला, तर काकूंना कुणीच ते उघडून देऊ शकत नाही. मुलाला हवं तर त्यानं स्वतःच्या पगारातून घ्यावं.

मूळ लेखक

मनापासून आभार. तीन महिन्यांचं माहीतच नव्हतं, एक महिना तर गेलाही. सोमवारीच पोस्टात जातो. बिटकॉइनचं पोराला आज रात्री फोनवर सांगतो, तो नाराज होईल, पण ऐकेल. अजून एक विचारू का? दिवाळीनंतर आम्ही गावाकडं राहायला जाणार आहोत. खातं इथं उघडून पुढं गंगाखेडच्या पोस्टात बदलून घेताना कुणाला काय अनुभव आला?