जर्मनीतली स्वतःची ई-स्कूटर ब्रिटनमध्ये चालवता येईल का?

मृद्गंध: नमस्कार. माझा मुलगा जर्मनीत शिकत होता, आता पुढच्या शिक्षणाला ब्रिटनला चाललाय. त्याची स्वतःची ई-स्कूटर आहे, उभं राहून चालवायची, घडी होणारी. जर्मनीत विमा, विम्याचं स्टिकर, सगळं रीतसर होतं. ब्रिटनमध्येही दुकानात उघड विकतात, म्हणजे चालत असणारच, असं तो म्हणतो. मला मात्र धाकधूक वाटते. कायदा काय आहे? आणि मुळात ही गाडी सुरक्षित आहे का?

वाटाड्या: नेऊ नको म्हणावं. जर्मनीने २०१९ मध्ये वेगळा नियम करून २० किमी वेगापर्यंतच्या स्कूटरला रस्त्यावर परवानगी दिली. ब्रिटनमध्ये खासगी ई-स्कूटर १९८८ च्या रोड ट्रॅफिक अॅक्टखाली मोटार वाहन ठरते. मग तिला नोंदणी हवी, विमा हवा, आणि खासगी स्कूटरसाठी ते मिळवायची सोयच नाही. रस्ता, फुटपाथ, सायकल लेन, कुठेच चालत नाही. खासगी जागेत, जागामालकाच्या परवानगीने तेवढी चालवता येते. विकायला बंदी नाही, म्हणूनच लोक फसतात. पोलीस गाडी जप्त करू शकतात. शिवाय विम्याविना चालवल्याबद्दल ३०० पाउंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याचे दंडगुण. नवीन चालकाचे पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्दच होतं.

मृद्गंध: बापरे. पण भाड्याच्या स्कूटर रस्त्यावर फिरताना दिसतात की!

वाटाड्या: त्या सरकारी चाचणीतल्या. २०२० पासून ठरावीक शहरांत सुरू आहेत. विमा भाड्याने देणारी कंपनीच काढते, वेग ताशी २५ किमीच्या आत. निदान शिकाऊ लायसन्स लागतं आणि वय १६ पूर्ण हवं.

अस्थिबंध: मृद्गंधताई, मी ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगते. या स्कूटरवरून पडलेल्यांचे मनगट, कोपर आणि चेहरा मी सारखे बघते. कारण चाकात आहे. सायकलचं चाक खड्ड्यावरून निघून जातं, पण ८-१० इंचाचं चाक त्याच खड्ड्यात अडकतं. माणूस उभा असतो, शरीराचा भार उंचावर, त्यामुळे तो हँडलवरून थेट पुढे फेकला जातो. हात आधी टेकतात, मग हनुवटी. दात तुटून आलेली तरणीताठी मुलं बघितली की जीव कळवळतो. हेल्मेट जर्मनीत सक्तीचं नाही, पण सक्ती नाही म्हणून डोकं वाचत नाही.

मुलाला एवढं सांगा. ब्रेक लावताना गुडघे वाकवून वजन मागे न्यायचं. ट्रामचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडायचे, ओल्या रंगीत पट्ट्यांवर वळायचं नाही. वळताना हात दाखवायला एक हात सोडला की हँडल डगमगतं, त्यामुळे इंडिकेटर असलेलीच गाडी बरी. आणि मागे मित्राला उभं करायचं नाही, कधीच नाही. दोघांच्या वजनाने ब्रेकचं अंतर वाढतं आणि तोलही जातो.

वाटाड्या: बॅटरीचंही बघा. विमानात साधारण १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही, आणि बहुतेक स्कूटरच्या त्याहून मोठ्या असतात. लंडनच्या मेट्रो आणि बसमध्ये तर डिसेंबर २०२१ पासून खासगी स्कूटर नुसती सोबत न्यायलाही बंदी आहे. बॅटऱ्या पेटण्याच्या घटना घडल्या म्हणून.

अस्थिबंध: हो, आणि होस्टेलच्या खोलीत दाराजवळ चार्जिंगला लावू नये. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. चार्जर त्याच गाडीचा हवा, रात्रभर लावून झोपायचं नाही.

मृद्गंध: आत्ताच त्याच्याशी बोलले. विमानाचं कळल्यावर त्याचा हट्ट निम्मा उतरला, ६ पॉइंटांनी उरलेला. स्कूटर जर्मनीतच ओळखीच्या मुलाला विकतोय, पण तो मुलगा विमा स्वतःच्या नावावर काढल्याशिवाय गाडी द्यायची नाही असं मी बजावलंय. ताई, हेल्मेट मात्र ब्रिटनला सोबत नेतोय. तिथे तो सायकल घेणार आहे.