बी-३०४ ची गाडी, न झालेले सर्व्हिसिंग आणि पार्किंगमधले तेल

शनिवार

सचिव, सकाळी ७.५०
सर्व सभासदांना नमस्कार. पार्किंगमध्ये बी-३०४ यांच्या जागेवर तेलाचे दोन मोठे डाग पडलेले रात्रपाळीच्या वॉचमनने आज पहाटे पाहिले. तेथील टाइल्स दोनच महिन्यांपूर्वी बदलून घेतल्या आहेत. संबंधितांनी गाडी तपासून घ्यावी आणि तेल मुरण्यापूर्वी त्यावर लाकडाचा भुसा टाकावा, ही विनंती.

बी-३०४, सकाळी ८.१२
सचिव साहेब, दिलगीर आहे. आश्चर्य याचे वाटते की ही गाडी परवाच, म्हणजे गुरुवारी, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून ४०,००० किलोमीटरचे सर्व्हिसिंग करून आणली आहे. बिल ११,८६० रुपयांचे झाले. गेल्या चार वर्षांत या गाडीखाली तेलाचा एक थेंबही पडला नव्हता. आज आम्हाला सहकुटुंब महाबळेश्वरला निघायचे आहे, त्यामुळे आता गाडी तशीच घेऊन सर्व्हिस सेंटरला जाऊन येतो.

ए-१०१ (काका), सकाळी ८.१४
गाडी सुरू करू नका. मी खाली येतो आहे.

बी-३०४, सकाळी १०.४०
काका जवळजवळ दोन तास माझ्याबरोबर होते, त्यांचे आभार आधी मानतो. जे दिसले ते सविस्तर लिहितो, कारण आपल्या सोसायटीतील किमान सात-आठ गाड्या त्याच ठिकाणी जातात.

ऑइल चेंबरच्या ड्रेन बोल्टभोवती, म्हणजे जुने तेल काढण्यासाठी खाली असतो त्या बोल्टभोवती, तेल जमलेले होते आणि बोल्ट हाताच्या बोटांनी फिरत होता. डिपस्टिक पुसून पुन्हा घातली, तेव्हा तेलाची पातळी खालच्या खुणेच्याही थोडी खाली आढळली. वर्तुळाकार वॉशर जुनाच होता, एका बाजूने दबून पातळ झालेला. बिलात मात्र नव्या वॉशरचे वेगळे पैसे लावलेले आहेत.

त्यानंतर काकांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडून एसी फिल्टर बाहेर काढायला सांगितला. बिलाप्रमाणे तो गुरुवारी बदललेला आहे, किंमत करापूर्वी ५४० रुपये. बाहेर जो आला त्याच्या घड्यांमध्ये कडुलिंबाच्या काड्या, वाळकी पाने आणि एक मेलेली गांधीलमाशी होती, आणि कडेला निळ्या बॉलपेनने माझ्याच अक्षरात ‘९ जून’ असे लिहिलेले होते. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी मीच तो घरी बदलला होता आणि सवयीने तारीख घातली होती.

आता सर्वांत महत्त्वाचे. मागच्या दोन्ही चाकांच्या व्हील कॅप खड्ड्यांत निसटून पडू नयेत म्हणून मी त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी, ज्यांना केबल टाय म्हणतात, बांधून ठेवल्या आहेत. त्या पट्ट्या कापल्याशिवाय कॅप निघत नाही आणि कॅप निघाल्याशिवाय चाकाचे नट दिसतही नाहीत. चारही पट्ट्या जशाच्या तशा आहेत, त्यांवर गेल्या महिन्यातला चिखलसुद्धा वाळलेला आहे. तरीही बिलात टायर रोटेशन व बॅलन्सिंगचे ९०० रुपये आणि मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून साफ केल्याचे ६५० रुपये आहेत. चाक न काढता ड्रम कसा उघडला, हे त्यांनाच ठाऊक.

महाबळेश्वर रद्द केले आहे.

डी-२०३, सकाळी १०.५२
भाऊ, पसरणीच्या घाटात तेल संपले असते तर काय झाले असते, या विचारानेच धडकी भरली. आमच्याकडूनही मागच्या वेळी त्यांनी एसी निर्जंतुक करण्याचे आणि इंजिन आतून धुण्याचे मिळून जवळजवळ तीन हजार घेतले होते. ते काम आम्ही सांगितलेलेच नव्हते. विचारल्यावर ‘मॅडम, पॅकेजमध्येच येते’ असे उत्तर मिळाले आणि मी पैसे भरून गप्प बसले.

सी-६०२, सकाळी ११.०५
मी कोणाचे समर्थन करत नाही, परंतु माझा धाकटा भाऊ अशाच एका सर्व्हिस सेंटरमध्ये (या नव्हे) सर्व्हिस अॅडव्हायझर, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलून कामे लिहून घेणारा, आहे, म्हणून आतली परिस्थिती सांगतो. महिन्याला गाडीमागे सरासरी किती रुपयांचे बिल व्हावे याचे त्याला लक्ष्य दिलेले असते आणि ते केवळ ऑइल-फिल्टर बदलून कधीच पूर्ण होत नाही. त्यामुळे थ्रॉटल बॉडीची सफाई, इंजेक्टरसाठीचे द्रव, हेडलाइट पॉलिश अशा ओळी जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या कामांच्या नोंदीच्या कागदावर, चढत जातात. दुसरीकडे एका फिटरकडे दिवसाला सहा-सात गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी ‘सायंकाळी पाचला देतो’ असे वर कबूल केलेले असते. मग जे काम गिऱ्हाईक वाकून पाहणार नाही तेच गाळले जाते. गाडी धुतलेली आणि आतून व्हॅक्यूम केलेली मात्र नेहमी चकाचक मिळते, कारण ते दिसते.

बी-३०४, सकाळी ११.०९
अगदी खरे. गुरुवारी गाडी परत घेताना तिथल्या अॅडव्हायझरने पहिली गोष्ट हीच सांगितली होती की, ‘सर, कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमच्याकडे शून्य धरतात.’ मी गाडीखाली न पाहता दहा दिले.

ए-१०१ (काका), दुपारी १२.२०
जेवणापूर्वी थोडे लिहून ठेवतो. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत माझी उमेदीची सर्व वर्षे गेली, त्यामुळे हे पाहून राग येतो, पण नवल वाटत नाही.

ड्रेन बोल्टचा वॉशर तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो आणि तो एकदाच दबण्यासाठी असतो, कारण दबल्यावरच तो सांध्यातली फट भरतो. जुना पुन्हा लावला तर एक तर गळतो, किंवा गळू नये म्हणून फिटर बोल्ट ताकद लावून आवळतो आणि चेंबर अॅल्युमिनियमचे असेल तर त्याच्या आट्याच घासून जातात. काही रुपयांच्या वॉशरपायी मग सगळे चेंबर बदलावे लागते. यासाठी ठरावीक जोर लागल्यावर ‘टक’ असा आवाज करणारा टॉर्क पाना असतो, आणि आवळून झालेल्या बोल्टवर रंगाची रेघ मारण्याची पद्धत असते, म्हणजे मागून तपासणाऱ्याला नुसत्या नजरेने कळते. आज त्या बोल्टवर ना रेघ होती, ना पाना लागल्याची ताजी चमक. तो हातानेच बसवला आणि पाना लावायच्या आत कोणीतरी फिटरला दुसऱ्या गाडीकडे बोलावले, असा माझा अंदाज आहे.

काळे तेल दिसले म्हणून लगेच चोरीचा आरोप करू नका, हेही सांगतो. डिझेल गाडीचे नवे तेल थोड्याच वेळात काळवंडते. पेट्रोल गाडीत मात्र ते पहिले काही दिवस मधासारखे राहते, आणि बी-३०४ च्या गाडीत ते तसेच आहे. म्हणजे तेल बदलले आहे, हे मान्य करावे लागेल. ब्रेक ऑइलबद्दल मला शंका आहे. बरणीतला रंग कोऱ्या चहासारखा दिसतो, पण केवळ रंगावरून छातीठोक सांगता येत नाही. हे द्रव हवेतले पाणी शोषते. डॉट ४ दर्जाचे कोरडे द्रव २३० अंश सेल्सियसपर्यंत तरी उकळत नाही, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते, आणि घाट उतरताना ब्रेक सारखे दाबले की तितकी उष्णता निर्माण होऊ शकते. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल पार खाली जाते. त्यामुळे पाण्याचे प्रमाण मोजणारे यंत्र तुमच्यासमोर लावायला सांगा.

बी-५०१ (वकील), दुपारी १२.४५
काकांच्या तांत्रिक माहितीला कागदाची जोड द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. त्या केबल टाय कापण्यापूर्वी गाडीच्या नंबर प्लेटपासून सुरू होऊन चाकापर्यंत जाणारा एक सलग व्हिडिओ घ्या. तारखेसह फिल्टरचे छायाचित्र काढा आणि तो फिल्टर टाकून देऊ नका. फोनवर भांडण्यात वेळ घालवण्यापेक्षा सर्व्हिस सेंटरचे वर्क्स मॅनेजर आणि कंपनीचा ग्राहक विभाग या दोघांना एकच ई-मेल आजच पाठवा, त्यात बिलाचा क्रमांक, न झालेली कामे ओळीने आणि तुमची मागणी नेमक्या शब्दांत लिहा. ‘मानसिक त्रास झाला’ असे दहा ओळींत लिहिण्याची सवय आपल्याकडे आहे, ती टाळा.

तुम्ही हे प्रकरण सोडून न देण्याचे ठरवलेच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे हा ‘सेवेतील त्रुटी’चा विषय आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करता येते, आणि सेवेसाठी तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिला शुल्क नाही. मात्र सोमवारी तिथे गेल्यावर ‘काम समाधानकारक झाले’ अशा छापील कागदावर गाडी तपासण्यापूर्वी सही करू नका.

ए-४०४, दुपारी १.१०
इतके करण्यापेक्षा बाहेरच्या गॅरेजमध्ये जावे. मी वॉरंटी संपल्यापासून नाक्यावरच्या मेकॅनिककडेच जातो, अर्ध्या पैशांत काम होते.

डी-२०३, दुपारी १.१४
पण वॉरंटी असताना बाहेर गेलो तर ती रद्द होते, असे आम्हाला शोरूममध्ये बजावून सांगितले होते.

बी-५०१ (वकील), दुपारी १.३१
वहिनी, ते सरसकट खरे धरू नये. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजपर्यंत पोहोचू न दिल्याबद्दल होता. त्याच आदेशात असेही म्हटले होते की बाहेर काम केले एवढ्यावरून संपूर्ण वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे लांबले, म्हणून वॉरंटीच्या काळात मी स्वतः अधिकृत ठिकाणीच जाते आणि बिले जपून ठेवते.

ए-१०१ (काका), दुपारी १.४०
नाक्यावरच्याकडेही टॉर्क पाना असतोच असे नाही. फरक एवढाच की तिथे तुम्ही गाडीशेजारी स्टूल टाकून बसता, आणि इथे तुम्हाला काचेमागे बसवून कॉफी देतात.

सोमवार

बी-३०४, सायंकाळी ७.०५
आज काका माझ्यासोबत आले होते. शनिवारीच काकांनी बोल्ट आवळून तेल भरून दिले होते, त्यामुळे गाडी चालवत नेता आली.

सुरुवातीला अॅडव्हायझर ‘सिस्टीममध्ये सर्व कामे झालेली दाखवत आहे’ या एकाच वाक्यावर अडून बसले होते आणि बोल्ट ‘फ्री’मध्ये आवळून देण्याची तयारी दाखवत होते. वर्क्स मॅनेजर ई-मेल वाचून आले होते. त्यांना घेऊन आम्ही गाडीपाशी गेलो, काकांनी खाली बसून एका केबल टायवर बोट ठेवले आणि काहीही न बोलता त्यांच्याकडे पाहिले. त्यापुढे फारसा वाद झाला नाही. जॉब कार्ड मागवले, तर त्यावर ‘अंतिम तपासणी’समोर ३.१० ही वेळ आणि सही होती. मला त्यांच्याकडूनच आलेला ‘आपल्या गाडीचे काम सुरू झाले आहे’ हा संदेश मात्र ३.२५ चा आहे. काम सुरू होण्याच्या पंधरा मिनिटे आधी ते तपासून झाले होते.

त्यांनी फिटरला बोलावले. विशीतला मुलगा होता, हात काळे, चेहरा उतरलेला. सर्वांसमोर त्याला बोलू लागले, तेव्हा मला संकोच वाटला आणि मी सांगितले की माझी तक्रार या मुलाविरुद्ध नाही, ३.१० ची सही ज्याने केली त्याच्याविरुद्ध आहे. ती सही कोणाची, याचे उत्तर आम्हाला शेवटपर्यंत मिळाले नाही.

ब्रेक ऑइलला यंत्र लावले, त्यात पाण्याचे प्रमाण जास्त निघाले. म्हणजे तेही बदललेले नव्हते. ते आमच्यासमोर बदलले, चारही चाके काढून रोटेशन व बॅलन्सिंग केले, ड्रम उघडले. लायनर सुदैवाने चांगले आहेत, पण आत बचकभर काळी भुकटी होती. नवा वॉशर, नवा एसी फिल्टर, आणि बोल्टवर पिवळी रेघ. गळालेल्या तेलाची भरपाई म्हणून काकांनी भरलेल्या तेलाचे पैसे दिले. शिवाय एसी फिल्टर, रोटेशन आणि ब्रेक सफाई या तीन कामांचे २,०९० अधिक कर मिळून २,४६६ रुपये खात्यावर परत करण्याचे लेखी मान्य केले आहे. समाधानाच्या कागदावर मी ‘गाडी तीन दिवस वापरून मग कळवीन’ असे लिहून सही केली.

सी-६०२, सायंकाळी ७.२०
उत्तम झाले, दादा. पुढच्या वेळी गाडी देतानाच ‘जुने काढलेले भाग परत हवेत’ असे जॉब कार्डवर लिहून घ्या. भाऊ म्हणतो, ही एक ओळ असली की फिटरही ते भाग खरोखर काढतो.

सचिव, सायंकाळी ७.३२
बी-३०४ यांचे अभिनंदन. टाइल्सवरचे डाग भुसा आणि रॉकेलने बरेच निघाले आहेत, राहिलेला फिकट डाग हाऊसकीपिंग पाहील. आज गाडी जागेवर लावताना काळजी घ्यावी.

बी-३०४, सायंकाळी ७.३६
साहेब, फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा गाडीखाली पसरून ठेवला आहे. उद्या सकाळी पाहून कळवतो.

मंगळवार

बी-३०४, सकाळी ६.४८
पुठ्ठा कोरडा आहे. काका, चहाला वर या.