सोसायटीत सुका कचरा वेगळा देण्याची सवय टिकवायची कशी?

प्रश्न : सचिव, ताराबाई पार्क

नमस्कार. कोल्हापुरातील ताराबाई पार्कातल्या 40 सदनिकांच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद सध्या माझ्याकडे आहे. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ओला आणि सुका कचरा वेगळा देण्याचा ठराव एकमताने झाला, प्रत्येक घरी एक हिरवी व एक निळी बादली देण्यात आली आणि सुरुवातीचे काही आठवडे कोणाला काही सांगावेही लागले नाही. पावसाळा लागेपर्यंत मात्र दोन बादल्यांतला फरक केवळ रंगापुरता उरला. आता निळ्या बादलीत चहाचा चोथा सापडतो आणि हिरवीत शाम्पूच्या पुड्या.

सभासद सुशिक्षित आहेत आणि या गोष्टीला कोणाचाही विरोध नाही. विषय काढला की सगळे मान डोलावतात. वर्गीकरण घरातच करण्याचे बंधन घनकचरा व्यवस्थापन नियमांनी 2016 पासूनच घातले आहे, हे मी सूचना फलकावर लावले, व्हॉट्सॲप गटावरही टाकले. त्याचा परिणाम दोन-चार दिवसांपलीकडे टिकला नाही. आता कार्यकारिणीत दोन तट आहेत. एका गटाला मासिक देखभाल खर्चात दंड लावायचा आहे, तर दुसऱ्याला दिवाळीत उत्तम वर्गीकरण करणाऱ्या घराला बक्षीस द्यायचे आहे. दोन-तीन ज्येष्ठ सभासद मात्र म्हणतात की, आम्ही वेगळे करून दिले तरी खाली सगळे एकत्रच होते, मग हा उपद्व्याप कशासाठी? त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण संस्थेने नेमलेल्या ठेकेदाराचा माणूस मजल्यामजल्यावरून दोन्ही बादल्या एकाच पोत्यात ओततो.

ज्यांच्याकडे ही सवय टिकली आहे, त्यांनी नेमके काय केले ते कळवावे, ही विनंती.

उत्तर 1 : भंगार व्यावसायिक, उद्यमनगर

सचिव साहेब, दंड की बक्षीस हा वाद तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या ज्येष्ठ सभासदांनी जे बोट दाखवले आहे, तेच खरे कारण आहे. स्वयंपाकघरात उभे राहून दह्याचा डबा विसळणाऱ्या बाईला तो डबा खाली जाऊन खरकट्यातच पडणार हे ठाऊक असेल, तर ती तो का विसळेल? पहिले काही आठवडे लोकांनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला, पुढे त्यांनी पोते पाहिले.

माझा व्यवसाय मोडभंगाराचा आहे, म्हणून मालाच्या बाजूने सांगतो. कोल्हापुरात धातूच्या बाबतीत लोकांना कधीही प्रोत्साहन द्यावे लागले नाही. तुटलेला तवा, जुना नळ, गंजलेली खिडकी यांतले काहीही कोणी कोंडाळ्यात टाकत नाही, कारण त्याचे पैसे येतात आणि घेणारा माणूस दारात येतो. इथल्या फौंड्र्यांना बिडाचे आणि लोखंडाचे भंगार लागतेच. ॲल्युमिनियमचे तर असे आहे की, खनिजापासून नवा धातू काढण्याच्या तुलनेत भंगार वितळवून तो मिळवायला सुमारे 95 टक्के ऊर्जा कमी लागते, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. वर्तमानपत्राच्या रद्दीचेही तेच. म्हणजे वेगळे ठेवण्याची सवय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. अडते ते हलक्या, भाव नसलेल्या मालापाशी. पातळ प्लॅस्टिक, खोके, काच आणि वेष्टने यांच्यासाठी कोणी दारात येत नाही, आणि आले तरी पाव किलोसाठी तराजू काढणे त्याला परवडत नाही.

यावर तोडगा एकच, आणि तो म्हणजे माल साठवून एकदम देणे. एका घराचा महिन्याचा प्लॅस्टिकचा माल कोणाच्या खिजगणतीत नसतो, परंतु 40 घरांचा एकत्र माल टेम्पो थांबवण्याइतका होतो. सुका कचरा नासत नाही, मग तो रोज उचलण्याचा हट्ट कशाला? रोज फक्त ओला कचरा द्यावा आणि सुक्यासाठी आठवड्याचा एक वार ठरवावा. वाहनतळाच्या कोपऱ्यात तीन मोठी पोती टांगावीत, एक कागद-पुठ्ठ्याचे, एक प्लॅस्टिकचे आणि एक काच-पत्र्याचे. त्या दिवशी ज्याने त्याने आपली पिशवी खाली आणून रिकामी करावी. यामुळे ठेकेदाराच्या माणसाचा सुक्या कचऱ्याशी संबंधच उरत नाही, म्हणजे मिसळण्याचा प्रश्नही उरत नाही.

आता माल कसा असावा, याबद्दल. कागद एकदा आमटीत भिजला की त्याची किंमत संपली. पुठ्ठ्याचेही तसेच, म्हणून खोके उघडून, चपटे करून, कोरडे ठेवावे. दुधाची पिशवी हा प्रत्येक घरातला रोजचा माल आहे आणि तिचे प्लॅस्टिक चांगले पुन्हा वापरता येते, पण बहुतेक घरांत तिचा कोपरा कात्रीने पूर्ण उडवतात. तो नखाएवढा त्रिकोण सिंकमधून गटारात जातो आणि नंतर कोणाच्याच हाती लागत नाही. चीर अशी द्यावी की तुकडा पिशवीलाच लोंबत राहील. मग पिशवीत थोडे पाणी घालून ते पाणी दुधाच्या पातेल्यातच ओतावे आणि पिशवी ओट्याच्या फरशीवर उलटी चिकटवावी. सकाळी ती आपोआप सुटून पडते. न धुतलेल्या पिशवीला दुसऱ्या दिवशी जो वास सुटतो, त्यामुळेच ती ओल्या कचऱ्यात ढकलली जाते.

चिप्सच्या आणि बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांत प्लॅस्टिक व ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नसल्याने आम्ही तो माल घेत नाही; असा माल फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो. सभासदांना हे आधीच स्पष्ट सांगावे, नाहीतर पोत्यातला अर्धा माल परत आलेला पाहून पुन्हा तीच निराशा येईल.

उत्तर 2 : राजारामपुरीकर

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही दंडाची तरतूद उपविधीत असू द्यावी, असे माझे मत आहे. आमच्या इमारतीत तीन घरे अशी आहेत की ज्यांना सोय, भाव, नदी, नातवंडे यांपैकी कशाचेही सोयरसुतक नाही. त्यांच्यामुळे बाकीच्यांचा हुरूप जातो.

उत्तर 3 : कचरावेचक महिलांसोबत काम करणारी कार्यकर्ती

राजारामपुरीकरांचा वैताग मी समजू शकते, पण दंडाचा कागद हाती घेण्याआधी त्या तीन घरांत कचरा कोण बाहेर ठेवते, हे पाहावे. बऱ्याचदा ते काम घरकामाला येणाऱ्या मावशी करतात, आणि सोसायटीच्या सभेचा ठराव त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. सूचना मालकाच्या फोनवर जाते, बादली मावशींच्या हातात असते. सर्व घरांतल्या मावशींना एकदा एकत्र बोलावून चहा द्या आणि पोती प्रत्यक्ष दाखवा. सभासदांच्या सभेपेक्षा या अर्ध्या तासाचा उपयोग अधिक होईल.

प्रोत्साहनाचा विचार करताना आपण नेहमी कचरा देणाऱ्याचाच विचार करतो, घेणाऱ्याचा करत नाही. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली, जी 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. तिथे घराकडून दरमहा शुल्क मिळते आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसेही वेचकांनाच मिळतात. यातली मेख लक्षात घ्या. माल जितका स्वच्छ आणि वेगळा, तितकी त्या बाईची मिळकत अधिक; म्हणून मिसळलेली बादली दिसली की ती स्वतःच घरमालकिणीला दारात थांबवून सांगते. रोज भेटणाऱ्या माणसाने तोंडावर सांगितलेली गोष्ट फलकावरच्या सूचनेपेक्षा नक्कीच लागू पडते. तुमच्या ठेकेदाराच्या माणसाला मात्र ठरावीक पगार आहे. वेगळे ठेवले काय किंवा ओतले काय, त्याला दोन्ही सारखेच, उलट ओतल्याने फेऱ्या वाचतात.

म्हणून सुक्या मालाचे जे पैसे येतील, ते संस्थेच्या खात्यात जमा करू नका, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. 40 घरांत वाटले तर ती रक्कम कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण वर्गीकरण करणाऱ्या एका व्यक्तीला ती महिन्याच्या महिन्याला मिळाली, तर तिच्या घरखर्चाला हातभार लागेल. आपल्या शहरात ‘अवनि’सारख्या संस्था कचरावेचक महिलांमध्ये काम करतात, अशा ठिकाणी चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल सभेत कोणी बोलत नाही. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर सुक्या बादलीत उघडे टाकले जातात आणि ते हाताने बाजूला काढावे लागतात. 2016 च्या नियमांतच ते गुंडाळून देण्यास सांगितले होते. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनाने ठळक खूण करावी आणि ते पुडके वेगळे द्यावे. ज्या बाईचा हात त्यात जातो, तिच्याकडून बाकीच्या मालाची काळजी घेण्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : सचिव, ताराबाई पार्क

सर्वांचे आभार. सुक्यासाठी आठवड्याचा वार ठरवण्याची कल्पना पटली. रविवार ठेवावा असे वाटते. दोन शंका आहेत. पहिली अशी की, सुका कचरा आठवडाभर घरात साठवायला लहान सदनिकांत जागा कुठे? आणि दुसरी, एकदा लावलेली शिस्त पुन्हा पावसाळ्यापर्यंतच टिकणार नाही, याची खात्री काय? कोल्हापूरकर एखाद्या गोष्टीसाठी एक दिवस जीव टाकतील, पण वर्षभर तेच करतील का, याबद्दल मला शंका आहे.

उत्तर 4 : शिवाजी पेठ

शेवटच्या वाक्याला हरकत घेतो. पंचगंगेतील गणेश विसर्जनाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. ज्या गावात पेठेपेठेत तालीम आणि गल्लीगल्लीत तरुण मंडळ, त्या गावात नदीऐवजी काहिलीत (गूळ करण्याच्या मोठ्या कढईत) किंवा कुंडात विसर्जन करा, निर्माल्य पाण्यात न सोडता वेगळे द्या, असे म्हणणे सुरुवातीला किती अवघड गेले असेल, याची कल्पना करा. हा श्रद्धेचा विषय होता, कचऱ्याचा नव्हे. तरीही आज हजारो कुटुंबे घरगुती मूर्ती दान करतात किंवा कुंडात विसर्जित करतात, आणि तसे करताना कोणाला अपराधी वाटत नाही.

हे भाषणांनी झाले असे मला वाटत नाही. गुळाच्या काहिली आणि कुंडे लोकांच्या वाटेवरच ठेवली गेली, तिथे आरतीची सोय झाली, निर्माल्य घ्यायला मंडळाची आणि शाळा-महाविद्यालयांची मुले उभी राहिली. दान केलेल्या मूर्तींचे पुढे इराणी खणीत (पाणी साठलेल्या जुन्या दगडखाणीत) रीतसर विसर्जन होते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आपण दिलेली वस्तू पुढे कुठे गेली, हे दिसले की शंका घेणाऱ्याचे तोंड आपोआप बंद होते. पहिल्या उत्तरात पोत्याचा मुद्दा आला, त्याचीच ही दुसरी बाजू.

तेव्हा सोसायटीत रविवारी पोती भरली की टेम्पोचे वजन फलकावर लिहीत चला. कोणाच्या घरातून किती आले, ते लिहू नका, त्याने भांडणे लागतात. फक्त किती किलो पुठ्ठा, किती किलो प्लॅस्टिक आणि तो कोणाकडे गेला, एवढेच लिहावे. जमल्यास वर्षातून एकदा मुलांना भंगाराच्या गोदामात आणि महापालिकेच्या कसबा बावड्यातील कचरा प्रकल्पावर घेऊन जा. वेंगुर्ले नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना हेच मोठ्या प्रमाणावर केले: घरातूनच वेगवेगळे प्रकार करून घेतले, ओल्यापासून बायोगॅस आणि प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात, आणि जुन्या कचरा डेपोचेच ‘स्वच्छ भारत पर्यटनस्थळ’ केले. लोक तिथे सहलीला जातात. आमच्या मंडळाची मुलेही जाऊन आली आहेत, आणि परतल्यावर पहिला प्रश्न त्यांनी आम्हा मोठ्यांनाच विचारला की, आपल्याकडे हे का होत नाही. मुलांपुढे टाळाटाळ करता येत नाही, हा अनुभव ज्याला घ्यायचा असेल त्याने घ्यावा.

बक्षिसाबद्दल म्हणाल तर, एका घराला बक्षीस दिले की 39 घरे नाराज होतात. आमच्याकडे गल्लीला गल्लीशी लावून दिले. तुमच्याकडे ए आणि बी अशा दोन विंग असतील तर तेवढे पुरे आहे. कोल्हापुरात ईर्ष्येला पैसे लागत नाहीत.

उत्तर 5 : भंगार व्यावसायिक, उद्यमनगर

जागेच्या शंकेचे उत्तर राहिले होते. चार माणसांच्या घरातला आठवड्याचा सुका कचरा धुऊन, वाळवून, चपटा करून ठेवला, तर तांदळाच्या एका मोठ्या पिशवीत मावतो. ती गॅलरीच्या दारामागे खुंटीला अडकवावी. जागा खाणारा माल म्हणजे न चेपलेल्या बाटल्या आणि न उघडलेले खोके. पाण्याची बाटली पिळून चपटी करून मग झाकण लावावे, म्हणजे ती पुन्हा फुगत नाही.

अनामत रकमेचा विषय कोणी काढला नाही, म्हणून जाता जाता लिहितो. राज्याने 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली तेव्हा दुधाच्या पिशवीवर 50 पैसे अनामत घेऊन ती परत करणाऱ्याला द्यावी, अशी कल्पना होती. व्यवहारात ती रुजली नाही. काचेच्या सोड्याच्या बाटलीला जी शिस्त होती, तीच पिशवीला लागली असती, तर तुमच्या निम्म्या अडचणी दुकानाच्या काउंटरवरच सुटल्या असत्या. जर्मनीत 2003 पासून बहुतेक एकवापरी बाटल्यांवर 25 सेंट अनामत आहे आणि लोक बाटल्या आठवणीने परत नेतात. ते सोसायटीच्या हातातले काम नाही, हे खरे.

तुमच्या हातातले एवढेच: पहिला रविवार दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात धरा. घराघरांत साफसफाई चालू असते आणि माळ्यावरची रद्दी, पुठ्ठे, डबे सगळे एकदम निघते, त्यामुळे पहिल्याच खेपेस टेम्पो भरून जातो आणि सभासदांना ते दिसते. टेम्पोवाल्याला चार दिवस आधी सांगा, कारण त्या दिवसांत आम्हा सगळ्यांकडेच गाड्यांची ओढाताण असते.